दुप्पट वेगाचं गाणं

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे, आणि सध्या मी फार वैतागलेलो आहे. आपली कहाणी सांगणाऱ्याने आधी नम्रपणे ओळख करून द्यावी आणि मग हळूहळू ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणावं, असा रिवाज आहे हे मला ठाऊक आहे. शाळेच्या सभागृहात इतकी वर्षं असल्या कहाण्या माझ्याच तोंडून वाचल्या गेल्या. फाटकी छत्री, म्हातारा घोडा, पडका पूल, प्रत्येकाचं दुःख मी खणखणीत आवाजात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवलं. माझं दुःख कोणी विचारलं नाही. म्हणून आज माझं मीच सांगतो.

माझी पेटी एका सुताराने केली आणि शेजारच्या गाळ्यातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने तिच्यात माझा गळा बसवला. त्या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. सुतार म्हणे, "एवढं मोठं भोक कशाला? लाकूड वाया जातंय." दुरुस्तीवाला म्हणे, "मग आवाज काय फटीतून येणार?" दोन दिवस भांडल्यावर भोक मोठं झालं. म्हणून माझा आवाज मोठा. नंतर पुढे जाळी बसली, अंगाला काळा रंग लागला, खाली चाकं आली आणि शाळेने मला विकत घेतलं.

तो माझा उमेदीचा काळ होता. सकाळची प्रार्थना माझ्यातून, बक्षीस समारंभ माझ्यातून, खेळांच्या दिवशी "पाण्याची बाटली हरवलेल्या मुलाने कार्यालयात यावे" हेही माझ्यातूनच. माझ्यापुढे उभं राहून "हॅलो, हॅलो" म्हणत नाही तोवर कोणाला मोठं झाल्यासारखं वाटत नसे. मुख्याध्यापिका बाईंनी एकदा भर सभेत माझ्या डोक्यावर थाप मारून सांगितलं होतं, "हा आहे म्हणून आमचं शेवटच्या बाकावरच्यांना ऐकू जातं." शेवटच्या बाकावरच्यांना त्याचा फारसा आनंद झाला नसावा, पण मला झाला.

मग सभागृहाच्या भिंतींवर नवे स्पीकर आले. बारीक, पांढरे, घड्याळासारखे उंचावर टांगलेले. मला जिन्याखालच्या खोलीत ढकललं. ढकलताना माझं एक चाक उंबऱ्याला अडकून निखळलं, ते कोणी उचललंही नाही. त्या खोलीत खेळाचं फाटकं जाळं होतं, समुद्राचा रंग उडालेला पृथ्वीचा गोल होता आणि पाय मोडलेली बाकं होती. मी तिथे गप्प पडून राहिलो. खोटं कशाला बोलू, वाईट वाटत होतं. पण निदान शांतता होती. ती किती मोलाची होती, हे ती गेल्यावर कळलं.

एका दुपारी शिपाईकाकांनी कुलूप काढलं आणि नववीतली चार मुलं आत घुसली. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात दाखवायला त्यांना गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. सगळ्यांत पुढे होती कप्तान. तिला कप्तान कोणी केलं होतं, हे विचारू नका. ती दारातून आत आली तीच हुकूम सोडत. तिच्या मागे जाड चष्म्याचा भिंग, त्याच्या गळ्यात त्याच्या मामाचा कॅमेरा. मामाने बजावलं होतं म्हणे, की कॅमेरा गळ्यातून काढायचा नाही. म्हणून तो डबा खातानाही काढत नसे. तिसरा रेघोट्या, जो प्रत्येक प्रसंगाचं चित्र आधी कागदावर काढून देणार होता. आणि चौथी गुणगुणी. गाणं तिनेच लिहिलं होतं, तिनेच म्हटलं होतं, आणि या चौघांत सगळ्यांत कमी तीच बोलत असे. कोणी काही विचारलं तरी आधी जरा गुणगुणायची, मग उत्तर द्यायची.

तिचा बाबा मालवाहू जहाजाच्या इंजिनावर काम करायचा. काही आठवडे घरी, मग कित्येक महिने समुद्रावर. गाणं त्याच्यावरच होतं, किंवा खरं तर त्याच्याविरुद्ध होतं. गुणगुणीची लहानपणापासूनची तक्रार होती की, बाबा निघाला की निघाला, एकदाही मागे वळून बघत नाही. तिने लिहिलं होतं:

जाताना तू एकदा तरी मागे वळून बघ,
पायरीवरती उभी मी, एवढं कळून बघ.

आणि शेवटी एक ओळ बाबाची होती, उत्तरादाखल:

मागे वळलो तर, बाळे, पाऊल निघणार नाही.

ही ओळ त्याने स्वतःच्या आवाजात घरी म्हणून दिली होती. भसाडा आवाज, सूर थोडा खालीच; पण ती ओळ माझ्यातून पहिल्यांदा वाजली तेव्हा खोलीतलं कोणी हललं नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी काहीतरी बरं वाजवायला मिळालं.

आवाज तर मिळाला होता. आता बाबाचं चित्र हवं होतं. तो पिशवी खांद्याला लावून उभा आहे आणि ती ओळ म्हणतो आहे, एवढंच. बाबाची सुट्टी महिनाअखेरीला संपणार होती. त्याआधीचा रविवार चित्रीकरणासाठी ठरला. तो हुकला की बाबा थेट पुढच्या वर्षी. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला, जिन्याखालच्या पेटीला, ठाऊक होतं! तरीही या मंडळींनी जे काही केलं त्याला नमनाला घडाभर तेल म्हणतात.

पहिली बैठक मंडळाचं नाव ठरवण्यात गेली. दुसरी त्या नावाचं चित्र काढण्यात. तिसऱ्या बैठकीत रेघोट्याने त्या चित्रातल्या पक्ष्याची चोच डावीकडे असावी की उजवीकडे, यावर अन्नपाणी सोडायची वेळ आणली. मग वरून उडणाऱ्या कॅमेऱ्यातून समुद्र कसा दाखवायचा, यावर चर्चा झाली. उडणारा कॅमेरा कोणाकडेच नव्हता, आणि समुद्र तर त्याहून नव्हता. बाजारात तुरी, तशातली गत. दिग्दर्शकाला खुर्ची लागते म्हणून माझ्या शेजारच्या मोडक्या खुर्चीला लाल रंग दिला. तो वाळायच्या आत कप्तान त्यावर बसली. तो दिवस तिचा गणवेश धुण्यात गेला.

मग बाबाच्या कपड्यांवरून वाद. कप्तान म्हणाली, "पांढरा गणवेश आणि सोनेरी पट्ट्यांची टोपी."

गुणगुणी म्हणाली, "अगं, तो इंजिनावर काम करतो. त्याच्याकडे टोपीच नाहीये."

"मग आपण करू. पुठ्ठ्याची."

"त्याला नाही आवडणार."

"गुणगुणी, हे तुझे बाबा नाहीत आता. हे पात्र आहे."

मी लाकडाचा आहे म्हणून, नाहीतर कपाळावर हात मारून घेतला असता.

एकदा गुणगुणीने धीर केला. पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत म्हणाली, "बाबाचं आधी घेऊ या का? एकच तर ओळ आहे त्याची. तो रोज विचारतो, 'कधी येऊ?' आरशासमोर उभा राहून तयारी करतो. दाढी करताना पण तेच म्हणतो. आई म्हणते, एकदा कापून घेशील."

"त्यांची ओळ शेवटची आहे ना?" कप्तान म्हणाली. "मग ती शेवटी. पहिला प्रसंग आधी, दुसरा नंतर. क्रम मोडला की गोष्ट मोडते."

असा त्यांचा नियम. गाणं ज्या क्रमाने वाजणार, त्याच क्रमाने टिपायचं. अरे, ज्या पाहुण्याला गाडी पकडायची असते त्याला पहिल्या पंगतीला बसवतात, एवढं कुठल्याही घरात कळतं! पण गुणगुणीने मान हलवली आणि पुन्हा गुणगुणायला लागली. भांडण तिच्या स्वभावातच नव्हतं. मला तिचाही राग आला. पोरी, तुझं गाणं, तुझा बाबा, आणि तू मान काय हलवतेस?

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण भिंगाने कुठेतरी एक युक्ती पाहिली. चित्र हळू, पाण्यात तरंगल्यासारखं दिसावं आणि तरी गाणाऱ्याचे ओठ गाण्याशी जुळावेत, यासाठी काय करतात? गाणं दुप्पट वेगाने वाजवतात. गाणाऱ्याने त्याच दुप्पट वेगाने ओठ हलवायचे. कॅमेराही दुप्पट वेगाने टिपतो. मग ते चित्र निम्म्या वेगाने दाखवलं की ओठ मूळ गाण्याशी बरोबर जुळतात. पण केस, ओढणी, चालणं, सगळं संथ होतं. युक्ती चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते दुप्पट वेगाचं गाणं वाजवणार कोण? मी!

मित्रांनो, माझा आवाज म्हणजे बक्षीस समारंभाचा आवाज. त्यातून आता उंदराचं लग्न लागल्यासारखी चिवचिव बाहेर पडू लागली. आणि तीही एकदा नाही. "पुन्हा पहिल्यापासून!" कप्तान ओरडायची, आणि रेघोट्या माझं बटण दाबायचा. गुणगुणीचा एखादा शब्द चुकला, पुन्हा पहिल्यापासून. भिंगाला शिंक आली, पुन्हा पहिल्यापासून. एकदा तर "मागे वळून" एवढं म्हणून मला बंद केलं आणि चौघं डबा खायला निघून गेली. "बघ" हा शब्द माझ्या घशात तसाच अडकून राहिला, मधली सुट्टी संपेपर्यंत. तुमच्या घशात कधी घास अडकला असेल तर माझी अवस्था कळेल.

शिपाईकाका दारात डोकावून म्हणाले, "काय रे, स्पीकर बिघडला काय?"

"नाही काका, हीच पद्धत आहे," भिंग म्हणाला.

"असेल बाबा," काका म्हणाले, आणि कानावर हात ठेवून गेले.

त्यात कप्तानने आणखी एक पराक्रम केला. माझ्या पाठीत जो पेन ड्राइव्ह खोचला होता त्यात दोन्ही गाणी होती, साधं आणि दुप्पट वेगाचं. आयत्या वेळी गोंधळ नको म्हणून तिने साधं काढून टाकलं. आणि भिंगाने कॅमेरा एकदा त्या वेगावर लावला तो लावलाच, कारण परत पहिल्यासारखा कसा करायचा, हे फक्त त्याच्या मामाला माहीत होतं. तिकडे बाबा घरी आरशासमोर साध्या वेगाची तयारी करत होता. ही दुप्पट वेगाची भानगड त्याला सांगायला हवी, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तीन आठवडे रोज बैठका भरत होत्या आणि एवढी एक गोष्ट राहिली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. ठरलेल्या रविवारच्या तीन दिवस आधी सकाळी गुणगुणी धावत खोलीत आली. तिला धड बोलता येत नव्हतं.

"कंपनीचा फोन आला. जहाज लवकर निघतंय. बाबा आज दुपारच्या बसने जातोय."

रेघोट्याच्या हातात पुठ्ठ्याची टोपी होती, सोनेरी कागद अजून ओला. कप्तानचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. तिने ओठ चावला आणि म्हणाली, "चला. बसस्थानकावर चला. याला पण घ्या."

'याला' म्हणजे मला. शिपाईकाकांनी वर्गशिक्षिकांची परवानगी आणली आणि स्वतःच मला दोरीने बांधून ओढायला लागले. तीन चाकांवर मी रस्ताभर लंगडत, खडखडत गेलो. गटारावरच्या झाकणावर आपटलो, पदपथाच्या कडेला धडकलो. मला शाळेबाहेर पडून किती वर्षं झाली होती! पण आजूबाजूला बघायची सोय कुठे? मागून कप्तान ढकलत होती आणि एकच घोकत होती, "पोहोचू आपण, पोहोचू." कोणाला सांगत होती कोण जाणे.

बसस्थानकावर गाणं वाजवायला वीज कुठून आणणार, हा विचारही कोणी केला नव्हता. सामान ठेवायच्या खोलीतल्या बाईंनी आमची वरात पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय सामान ठेवायचंय का?"

"नाही मावशी," गुणगुणी म्हणाली. "माझा बाबा चाललाय. एक ओळ म्हणून घ्यायचीये फक्त."

त्या बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, काही विचारलं नाही, आणि स्वतःचा पंखा बंद करून त्या जागी माझी वायर लावू दिली. सगळ्या दिवसात शहाणपणाचं काम म्हणावं असं हे एवढंच.

बाबा फलाटावर उभा होता. साधा चौकड्यांचा शर्ट, खांद्याला पिशवी, शेजारी गुणगुणीची आई. उंचापुरा माणूस, पण आम्हाला पाहून लहान मुलासारखा खुलला. "आलात होय! मला वाटलं राहिलंच आता." त्याने केसांवरून हात फिरवला, कॉलर सरळ केली. पुठ्ठ्याची टोपी कप्तानने पाठीमागे लपवली.

"काका, इथे उभे राहा. शेवटचीच ओळ वाजवतो. तुम्ही फक्त ओठ हलवा," ती म्हणाली, आणि रेघोट्याने माझं बटण दाबलं.

माझ्यातून त्याचाच आवाज निघाला, उंदरासारखा चिरकत, अर्ध्या वेळात. बाबाने तोंड उघडलं तोवर ओळ संपलीसुद्धा.

"अरे, हे काय? मला उंदीर केलंत की काय?"

फलाटावरची माणसं हसायला लागली. गुणगुणी रडवेली होऊन सगळं समजावून सांगायला लागली, दुप्पट वेग, निम्मा वेग, ओठ, कॅमेरा. बाबाने मान डोलावली, त्याला ओ की ठो कळलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाजवलं. त्याने जीव तोडून ओठ हलवले, पण इतके दिवस आरशासमोर जे मुरवलं होतं ते एका मिनिटात दुप्पट कसं होणार? तो "मागे वळलो" पर्यंत आला आणि त्यालाच हसू फुटलं. त्याला हसताना पाहून गुणगुणीला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मी म्हणत होतो, साधं गाणं लावा रे, कोणीतरी साधं गाणं लावा! पण ते होतंच कुठे?

तिसऱ्यांदा वाजवणार तेवढ्यात बस लागली. कंडक्टर दारातून ओरडला, "चला, चला, आधीच उशीर झालाय!" बाबाने गुणगुणीच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या आईला काहीतरी म्हणाला आणि झपाझप निघाला. नेमकं तेव्हाच माझ्या सैल झालेल्या वायरीने दगा दिला. खर्रर्र असा कानठळ्या बसवणारा आवाज मी काढू लागलो. सगळा फलाट कानावर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागला. गुणगुणी धावत आली, माझ्यावर ओणवी झाली आणि बटण शोधू लागली. तिने मला गप्प केलं आणि मान वर केली, तोवर बस वळणावर गेली होती.

"नाहीच ना वळला," ती म्हणाली. कोणाला म्हणाली नाही, अशीच म्हणाली.

परतीच्या वाटेवर कोणी "पुन्हा पहिल्यापासून" म्हणालं नाही. ते मला हवंच होतं, पण असं नको होतं.

पुढच्या आठवड्यात चौघं जिन्याखालच्या खोलीत जोडकाम करायला बसली. संगणकाचा आवाज धड नव्हता म्हणून मला जोडलं होतं. बसस्थानकावरचं चित्र पाहून कप्तानने हात झटकले. ती बदलली होती, आता आवाज चढवत नव्हती. "माझी चूक आहे," ती म्हणाली. "त्यांचं आधी घ्यायला हवं होतं. पण हे वापरता येणार नाही. ओठ जुळत नाहीत, मध्ये कोणाचं तरी कोपर येतंय, आणि शेवटी तर भिंग कॅमेरा बंद करायलाच विसरलाय."

"काढून टाकू?" भिंगाने विचारलं.

"थांब," गुणगुणी म्हणाली. "शेवटपर्यंत चालू दे."

चित्र निम्म्या वेगाने चाललं होतं. बाबा पाठमोरा, बसकडे निघालेला. एक पाऊल, मग कितीतरी वेळाने दुसरं. पायरीवर पाय ठेवतो. दांडी धरतो. आणि मग त्याची मान हळूहळू वळायला लागते. फलाटावर डोळा लवायच्या आत होऊन गेलेली गोष्ट इथे संपता संपत नव्हती. तो पूर्ण वळला. त्याची नजर गर्दीतून फिरली, कोणाला तरी शोधत, आणि एका जागी थांबली. चित्राच्या कोपऱ्यात ती जागा दिसत होती. तिथे मी होतो, आणि माझ्यावर ओणवी झालेली, पाठ फिरवलेली गुणगुणी.

मी वैतागून जन्म काढला, पण त्या दिवसाइतका कधी वैतागलो नाही. पोरी, मान वर कर! राहू दे मला खरखरत, कोणाचे कान फुटत नाहीत! पण चित्रातली गुणगुणी काही मान वर करेना. बाबा बघत राहिला. मग हसला, आणि आत गेला.

गुणगुणीने ते तीनदा पाहिलं. मग तिने खिशातून आईचा फोन काढला आणि बाबाला लावला. जहाज कुठल्याशा बंदराजवळ होतं, म्हणून लागला. त्याचा आवाज बारीक येत होता. भिंगाने न सांगता फोनची वायर माझ्यात खोचली.

"बाबा, तू वळला होतास?"

"म्हणजे काय?" त्याचा आवाज माझ्यातून सगळ्या खोलीत भरला, भसाडा, पण या वेळी त्याच्याच वेगाने. "वळलो की. तू त्या पेटीत डोकं घालून बसली होतीस."

"आणि आधी? घरातून जाताना?"

"दर वेळी वळतो. तू पायरीवर असतेस कुठे? मी पिशवी उचलली की आत पळतेस रडायला."

गुणगुणी गुणगुणली नाही. मग तिने विचारलं, "मग ते गाणं कशाला म्हटलंस? मागे वळलो तर पाऊल निघणार नाही, असं?"

"तू लिहिलं होतंस ना," बाबा म्हणाला. "म्हणून म्हटलं."

मित्रांनो, माझ्यातून हजार भाषणं झाली. मोठमोठे पाहुणे बोलले, टाळ्या पडल्या, काहींचं तर मलाच अर्धं कळलं नाही. पण ती एक ओळ खोलीभर ऐकवायला मी होतो, याचा मला अभिमान वाटला. कप्तान भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

ते चित्र त्यांनी काढून टाकलं नाही. व्हिडिओच्या शेवटी बाबाची ओळ वाजते, मागे वळलो तर पाऊल निघणार नाही, आणि त्याच वेळी समोर तो हळूहळू मागे वळतो. वार्षिक कार्यक्रमात तो व्हिडिओ भिंतीवरच्या पांढऱ्या स्पीकरवर वाजला, मला कोणी नेलं नाही. ते त्यांचं नेहमीचंच. पण परवा बाबा सुट्टीवर येऊन परत गेला, तेव्हाची गोष्ट गुणगुणीनेच खोलीत येऊन कप्तानला सांगितली. ती म्हणाली, "या वेळी मी आत पळाले नाही. नाक गळत होतं, रडून तोंड सुजलं होतं, तरी पायरीवरच उभी राहिले. तो वळला, आणि मी दिसले तेव्हा किती दचकला!"

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची काळजी घ्या, वायरी नीट गुंडाळा, पडलेलं चाक उचलून लावा, हे सगळं मी सांगणारच होतो. तेवढं कराच. पण तुमचं माणूस निघालेलं असेल आणि नेमकं तेव्हाच आम्ही खरखरायला लागलो, तर आमच्याकडे बिलकुल लक्ष देऊ नका. आम्ही काय, खरखरतच असतो.